थोरल्याचा द्रोण

पांगाऱ्याच्या फांदीवर पाय रोवून बसलं की देवरामला आधी ऊन दिसायचं आणि मग बाग. आश्विनातलं ऊन त्याच्या गावीही पडे, नाही असं नाही. पण खोडाळ्याच्या डोंगरात ते झाडापानांतून गळत, ओल्या गवताच्या वाफेतून वाट काढत यायचं. इथं नाशिकच्या पलीकडे, ओझरच्या बाजूला, ते काळ्या सपाट रानावर सरळ उतरायचं आणि दिवसभर उठायचं नाव घ्यायचं नाही. खाली द्राक्षाचे वेल पांगाऱ्याच्या बुंध्यांना धरून ओळीने उभे होते. धृपद धरायला बुवांच्या मागे टाळकरी उभे राहावेत, तसे.

देवरामला उपमा सुचायच्या त्या असल्याच. गळ्यात तुळशीची माळ होती, आणि मृदंगावर हात असा की खोडाळ्यापासून मोखाड्यापर्यंत कुठं कीर्तन असलं की त्याला निरोप यायचा.

बागेत तो मृदंगासाठी मात्र आला नव्हता, कोयत्यासाठी आला होता. आश्विनात द्राक्षाची छाटणी होते. वेल बागेतली माणसंच छाटतात. पण वेलाला आधार देणारे जिवंत पांगारे पावसाळ्यात बेफाम वाढलेले असतात, त्यांच्या फांद्या उतरवल्याशिवाय नव्या फुटीला ऊन मिळत नाही. त्या कामाला डोंगरातली माणसं लागतात. भाताचं रोप टाकायची जागा भाजायला दरसाल फांद्या तोडून राब करणारी ही माणसं झाडावर चढली की जमीन विसरतात. भाताची निंदणी उरकली होती, कापणी अजून यायची होती, तेवढ्या सवडीत देवराम आणि त्याची बायको पारू घाट चढून इकडे आली होती. खाली पडलेल्या फांद्या गोळा करायचं काम पारूकडे.

पहिल्या दिवशी बागेतून फिरून आल्यावर पारू म्हणाली होती, "द्राक्षाच्या मुलखात आलो आणि द्राक्ष कसा दिसतो तो पाहिला नाय."

"द्राक्षं उन्हाळ्याच्या तोंडाला येतात. आता नुसता वेल."

"मग आपल्या कारल्याच्या मांडवात काय वाईट होतं?"

बागेचे मालक रंभाजीअण्णा मोठे सज्जन गृहस्थ. एकादशीला गावच्या देवळात भजन होतं, तिथं मृदंगवाल्याला ताप भरला आणि कुणीतरी सांगितलं की अण्णांच्या बागेत डोंगरातला एक माळकरी आला आहे. देवराम कोयता ठेवून, हातपाय धुऊन गेला. त्याने थाप मारली आणि मंडळी सरसावून बसली. दुसऱ्या दिवसापासून अण्णा त्याला देवरामबुवा म्हणू लागले.

बुवा. आता हा शब्द त्याला आजवर कोणी लावला नव्हता. पाड्यावर तो देवराम होता, जव्हारच्या बाजारात 'ए मामा' होता, आणि जंगलखात्याच्या शिपायाला तर नाव घ्यायचीसुद्धा गरज वाटत नसे. झाडावर चढल्या चढल्या त्याला खालून "बुवा, जपून हो" असं ऐकू आलं की त्याचा कोयता अधिकच नेमका पडायचा.

छाटणी संपली त्या दिवशी दुपार कलताना अण्णांनी पहिल्या वेलाची पूजा केली, नारळ फोडला, गड्यांना प्रसाद वाटला. देवरामला त्यांनी ओट्यावर बोलावलं आणि आपल्या शेजारी घोंगडीवर बसवलं. बागेवर ऊन पसरलं होतं, उघड्या झालेल्या काड्यांची सावली जमिनीवर रांगोळीसारखी पडली होती. घरातून एक चिनी मातीची बरणी आली. अण्णांनी पितळी वाटीत काहीतरी तांबूस ओतलं.

"घ्या बुवा. औषधच आहे हे, आसव. मागल्या हंगामातली फुटकी द्राक्षं, गूळ आणि धायटीची फुलं. धायटी तर तुमच्याच डोंगरातून येते. आमच्या वडिलांपासूनची रीत आहे, छाटणी उरकली की मंडळींना वाटीभर द्यायचं."

वाटी हातात आली तेव्हाच देवरामला कळलं. मोहाच्या झाडाखाली जन्मलेल्या माणसाला ते वासावरून कळतं, चाखावं लागत नाही. अण्णा खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी ते औषधच होतं. पण देवरामच्या नाकाने त्याला नाव सांगितलं होतं, आणि 'अण्णा, मला नको' एवढे तीन शब्द बोलायचे होते. अण्णांनी काही राग धरला नसता. हसून बरणी मागं घेतली असती.

देवरामला ते तीन शब्द बोलवले नाहीत. पितळी वाटी, शेजारी बसलेले अण्णा, बुवा म्हणणं. नाही म्हटलं तर आपण पुन्हा झाडावरचा गडी होऊ असं काहीसं त्याला वाटलं. त्याने वाटी तोंडाला लावली. गोड होती. पोटात ऊन गेल्यासारखं वाटलं.

"आणखी घेणार?" अण्णांनी विचारलं.

"द्या थोडं," देवराम म्हणाला.

पहिली वाटी भिडेपोटी गेली असं कुणाला सांगता आलं असतं. दुसरीला तो आधार नव्हता. अंगणात पारू काड्यांचा भारा बांधत होती. तिने एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा भाऱ्याला गाठ मारली.

निघताना अण्णांनी पारूच्या ओटीत मनुकांची पुडी घातली. तिने एक मनुका बोटांत उन्हाकडे धरून पाहिली. "हाच काय द्राक्ष? हा तर म्हातारा झाला," असं म्हणून तिने पुडी पदराला बांधली.

नाशिक मागं पडलं, त्र्यंबकची वाट लागली. देवराम पुढं, पारू मागं. देवरामच्या जिभेवरचा गोडवा केव्हाच गेला होता आणि त्या जागी दुसरंच काही येऊन बसलं होतं. ते म्हणजे लक्ष्या, त्याचा धाकटा भाऊ.

जव्हारचं संस्थान विलीन झालं त्याच्या पुढल्याच वर्षी देवरामने माळ घातली. जव्हारला दामोदरबुवांचं कीर्तन झालं, आणि त्या कीर्तनाने देवराम असा भिजला की दुसऱ्या दिवशी बुवांच्या पायाशी जाऊन बसला. बुवांनी माळ घालताना एवढंच सांगितलं, की बाबा, मोहाची दारू सोड, मांस सोड आणि नाम धर. घरी आला तो नव्या भाताच्या दिवसांत.

नवं खायच्या दिवशी त्यांच्या पाड्यावर एक रीत आहे. घरातल्या थोरल्याने पळसाच्या पानाचा द्रोण करायचा, त्यात मोहाची घ्यायची, चार थेंब देवांना आणि चार थेंब वाडवडलांना जमिनीवर सोडायचे, स्वतः ओठ लावायचे आणि तोच द्रोण धाकट्याच्या हातात द्यायचा. मगच नवा भात पानात पडतो. थोरल्याच्या हातचा द्रोण मिळाला नाही तर धाकट्याचं नवं खाणं अर्धं राहतं असं मानतात. त्या वर्षी त्यांचा बाप वारल्याला वर्ष होत होतं आणि द्रोण पहिल्यांदाच देवरामच्या हातून द्यायचा होता. नवं सरकार आलं, दारूबंदी आली, म्हणून लक्ष्याने ती एवढीशी मोहाची भांड्यात घालून रानात पुरून ठेवली होती, पोलिसाला भीत भीत आणली होती. पाड्यावरची मंडळी बसली होती.

देवराम म्हणाला, मी घेणार नाही.

लक्ष्या गयावया करत नव्हता, भांडतही नव्हता. हळूच म्हणाला, "नुसता ओठाला लाव, दादा. आबाच्या जागेवर बसलास तू."

देवरामने पायाने भांडं उलथवलं. सगळ्यांच्या देखत. "हे गटाराचं पाणी माझ्या बापाच्या नावाने सोडता?" असंही बोलला. मोहाची जमिनीत जिरली. ओतून द्या असं बुवांनी सांगितलं नव्हतं. ते देवरामने पदरचं घातलं होतं आणि त्याला वाटलं होतं की आपण मोठा धर्म केला.

तेव्हापासून दोघा भावांचं नवं खाणं वेगळं. देवराम आपल्या घरी भातावर तुळशीचं पान ठेवायचा आणि जेवायचा. लक्ष्या वाटेत भेटला की बोलायचा, बैल मागायचा, बैल द्यायचा. एक शब्द त्या दिवसाबद्दल काढला नाही. आत्तासुद्धा देवराम इकडे बागेत असताना त्याच्या लवकर पिकणाऱ्या हळव्या भातावरची पाखरं हाकायला लक्ष्याच जात असणार. त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. सांगावं लागत नसे.

भावाने ओठाला लाव म्हटलं तर लाथ मारली. परक्याने घे म्हटलं तर वाटी रिकामी करून पुढं केली. वाटभर देवराम हेच घोळवत होता. दोन पावलं चालायचा आणि ते 'द्या थोडं' त्याच्याच आवाजात त्याच्या कानात यायचं.

चढणीला लागल्यावर पारू मागून म्हणाली, "त्या वाटीतला मोहाच्याच जातीचा होता ना?"

"औषध होतं."

"बरं," ती म्हणाली. ते 'बरं'च त्याला सोसवेना.

रात्र वाटेत काढून दुसऱ्या दिवशी त्र्यंबकला पोचले तर देवळाच्या अंगणात दिवसाउजेडी कीर्तन चाललेलं. देवरामचे पाय आपोआप थांबले. आवाज त्याने लांबूनच ओळखला, दामोदरबुवा. एरवी तो मृदंगाजवळ जाऊन बसला असता. आज चपलांच्या ढिगापाशी बसला. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी ओळखून खूण केली, ये म्हणून. त्याने हात दुखतो अशी खूण केली. हात दुखत नव्हता.

बुवा उत्तररंगात आले होते आणि एका द्वारपाळाची गोष्ट सांगत होते. एका देवळाचा द्वारपाळ होता म्हणे, सोवळ्याचा मोठा कडक. पायरीवर धुळीचा कण खपवायचा नाही. त्याची आई आली, शेतातून आली, पायाला चिखल. म्हणाली, लेका, लांबून हात जोडते. याने तिला पायरीला शिवू दिलं नाही. ती उन्हात उभी राहून परत गेली. मग एके दिवशी राजा आला. राजा उतरला, आणि घोडा धरायला कोणी नव्हतं. द्वारपाळाने लगाम धरला आणि घोडा, बुवा इथं थांबले, घोडा पायरीवर घेतला. सभामंडपात बांधला. घोड्याने काय करायचं ते घोड्याने केलं.

मंडळी खदखदून हसली. बुवांनी झांज वाजवून हसू ओसरू दिलं आणि मग आवाज खाली आणून, अगदी घरातल्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, "देवाने त्याला काय विचारलं असेल हो? घोडा का आणलास, हे नाही विचारलं. म्हणाला, माझी आई कुठाय?"

धृपद उसळलं. देवराम चपलांकडे बघत बसला होता. बुवांची आणि त्याची नजरानजर झाली नव्हती, बुवांना काहीच ठाऊक नव्हतं, गोष्ट सगळ्यांसाठी होती. पण कीर्तनाचं असंच असतं. शंभर माणसं बसलेली असतात आणि बुवा एकाच्याच घरात शिरतात.

आरती झाली. बुवांच्या पाया पडायला रांग लागली. देवराम रांगेत उभा राहिला आणि त्याचा हात माळेवर गेला. ठरलं. बुवांच्या पायावर माळ ठेवायची, झालेलं सांगायचं, ते जे प्रायश्चित्त सांगतील ते घ्यायचं. चार एकादश्या निर्जळ सांगतील, करू. नामाची माळ हजारदा सांगतील, तेही करू. विचारानेच त्याला हलकं वाटायला लागलं.

पारूने त्याचा हात माळेवर पाहिला. शेजारी येऊन खाली मान घालूनच बोलली, "बुवांचा काय सांडलास तू?"

देवरामचा हात माळेवरून खाली आला.

"ज्याचं सांडलास त्याचं घर पुढं हाय," ती म्हणाली आणि गाठोडं उचलून देवळाबाहेर जाऊन उभी राहिली.

रांग सरकली. देवराम बुवांच्या पाया पडला. बुवांनी ओळखून पाठीवर हात ठेवला, मृदंगाला का नाही आलास म्हणून विचारलं. घरी जायचंय, एवढंच तो म्हणाला. बुवा म्हणाले, "जा बाबा. घरच्यांना सांग, कार्तिकात येतोय तुमच्याकडे." तो हलकेपणा कुठल्या कुठं गेला, आणि घाट उतरताना गाठोड्यापेक्षा छातीच जड लागत होती.

खोडाळ्याच्या अलीकडेच त्यांचा पाडा. पोचले त्या दिवशी नेमकं लक्ष्याकडे नवं खायचं होतं. उतारावरच्या भाताचा एक कोपरा कापलेला दिसत होता. देवरामचं स्वतःचं भात उभं होतं, बुजगावण्याच्या जोडीला पाखरं हाकायची नवी गोफण बांधावर टाकलेली. ती लक्ष्याच्या हातची होती, वळण ओळखीचं होतं.

देवराम घरात शिरलाच नाही. अंगणात गाठोडं टाकलं, पाय धुतले आणि नागलीच्या बांधावरून लक्ष्याच्या घराकडे निघाला. पारू मागोमाग.

दारात मंडळी बसली होती. म्हातारा पुंजा, शेजारचा बुध्या, बायका एका बाजूला. लक्ष्याची बायको भागी चुलीशी होती आणि नव्या तांदळाची वाफ दारापर्यंत येत होती. लक्ष्या पळसाच्या पानाला काडी टोचत होता. त्याच्या शेजारी एक पाट मांडलेला, रिकामा. पाटासमोर एक द्रोण आधीच ठेवलेला होता.

देवरामला पाहून बुध्याने मोहाचं भांडं जरा आपल्याकडे ओढून घेतलं. नकळत ओढलं असेल, पण देवरामने ते पाहिलं.

"ये दादा," लक्ष्या म्हणाला. "छाटणी झाली?"

देवराम उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. एकट्याला बाजूला घेऊन सांगावं असं वाटेत कितीदा मनात आलं होतं. पण भांडं सगळ्यांच्या देखत उलथलं होतं.

"लक्ष्या, मी तिकडे प्यालो," तो म्हणाला. "द्राक्षाची होती. मालकाने वाटी दिली, घेतली. दुसरी मागून घेतली. तुला ओठाला लावायला नाय म्हणालो होतो."

चुलीवर भात रटरटत होता. लक्ष्याने टोचलेली काडी मोडून टाकली.

"गोड होती काय?" त्याने विचारलं.

"होती."

"माझी कडू लागली असती," लक्ष्या म्हणाला.

पुंजा म्हातारा खोकल्यासारखा हसला, मग बुध्या हसला. बायकांतून कोणीतरी म्हणालं, बुवाला द्राक्षाची लागते, आमची चालत नाय. देवराम हसला नाही. ते हसणं त्याला मिळायला हवं होतं, त्याने ते उभ्याने घेतलं. मग गळ्याशी हात नेऊन तो माळ काढायला लागला.

"ती राहू दे," लक्ष्या म्हणाला. आता त्याच्या आवाजात हसू नव्हतं. "तेव्हा भांडं सांडलास. आता माळ उतरशील. तुला सगळं टाकूनच मोकळं होता येतं काय?"

देवरामचा हात तिथंच राहिला.

लक्ष्याने पाटासमोरचा द्रोण उचलला. "हा तुझा. दरसाल मांडतो. तू येत नाय, मग आबाच्या नावाने जमिनीला देतो. आज तू दे."

देवराम पाटावर बसला. लक्ष्याने द्रोणात मोहाची ओतली, तोच वास, पोरपणापासूनचा. देवरामने चार थेंब देवांना सोडले. चार थेंब बापाच्या नावाने. चाराचे जास्तच झाले असतील. मग द्रोण ओठांपर्यंत न नेता त्याने सरळ लक्ष्यापुढे धरला. लक्ष्याने क्षणभर पुंजाकडे पाहिलं. पुंजा म्हणाला, "थोरल्याच्या हातचा मिळाला, झालं. ओठाचं कोण बघतो?"

लक्ष्याने दोन्ही हातांनी द्रोण घेतला आणि प्याला.

इतकंच होतं. एवढंच तेव्हाही करता आलं असतं. माळ गळ्यात राहिली असती, भावाचा द्रोण भावाला मिळाला असता, आणि इतकी वर्षं हा पाट रिकामा मांडावा लागला नसता. रीतीला त्याच्या तोंडाची गरज नव्हती, हाताची होती. आणि त्याने पाय पुढं केला होता. देवरामच्या डोळ्यांपुढं पातेलं, पानं, माणसं धूसर झाली.

"रडू नको," लक्ष्या हळूच म्हणाला. "भात खारट होईल."

भागीने पानं मांडली, वाफाळता नवा भात वाढला. पारूने पदराची पुडी सोडून तिच्या हातात मनुका दिल्या, हा म्हातारा द्राक्ष, चावून बघ म्हणाली. भागीने हात धुवायला तांब्या पुढं केला. सगळ्यांनी हात धुतले. देवरामच्या बोटांना मोहाचा वास येत होता, बापाच्या नावाने सोडलेल्या थेंबांचा. त्याने तांब्या तसाच पुढं सरकवला आणि त्याच बोटांनी भाताचा पहिला घास घेतला.

कार्तिकात बुवा येणार होते. त्यांना सांगायचं राहिलंच होतं, तेही सांगायचं होतं. बुवा काय म्हणतील ते म्हणोत. पण मृदंग आणायला आता लक्ष्याला सांगता येईल, असं त्याच्या मनात आलं. आणि लगेच, सांगावं लागणार नाही, हेही आलं. त्याने पाण्यासाठी मान वळवली. लक्ष्याने न बघता पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.